लिनक्सवर डेस्कटॉप इफेक्ट चालत नाहीत: टायटल बार गायब, क्यूब फिरत नाही, सगळं अडखळतं

ओढताना डोलणाऱ्या विंडो, बाजूंवर डेस्कटॉप घेऊन फिरणारा क्यूब, मिनिमाइझ करताना पॅनेलमध्ये खेचली जाणारी विंडो, मेनूमागचं धूसर चित्र. लिनक्सवर हे सगळं फुकट मिळतं, आणि २००६ साली कंपिझ हा विंडो आणि इफेक्ट सांभाळणारा प्रोग्राम आल्यापासून साध्या मशीनवरही चालत आलंय. तरी इफेक्ट चालू करायला गेलं की अडचणी मात्र त्याच त्या येतात. इफेक्ट दिसला नाही की लोक इफेक्टचीच सेटिंग उलटीपालटी करत बसतात. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. स्क्रीन कोण रंगवतंय, ग्राफिक्स चिप की प्रोसेसर, हे आधी पाहिलं की बाकीचा गुंता पटकन सुटतो.

इथे तीन डेस्कटॉप धरले आहेत: केडीई प्लाझ्मा, कंपिझ (माटे किंवा एक्सएफसीईवर) आणि ग्नोम. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा; मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

आधी आपलं लक्षण ओळखा, म्हणजे कुठली तपासणी महत्त्वाची ते कळेल.

इफेक्टसमोर टिक आहे, पण काहीच घडत नाही. किंवा यादीत तो इफेक्टच नाही.

इफेक्ट कालपर्यंत चालत होते. अपडेटनंतर बंद पडले.

कंपिझ चालू करताच सगळ्या विंडोंचे टायटल बार गेले. विंडो हलवता येत नाही, बंद करता येत नाही, कधी कधी तर टाइपही होत नाही.

लॉगिननंतर स्क्रीन काळी. फक्त माउसचा बाण दिसतो.

इफेक्ट चालतात, पण सगळं थांबत थांबत. पंखा जोरात फिरतो आणि प्रोसेसरचा वापर चढलेला.

व्हिडिओ पाहताना किंवा विंडो जोरात ओढताना चित्र आडवं कापल्यासारखं दिसतं.

लॅपटॉप झोपेतून उठवला की विंडोंत रंगीत कचरा किंवा काळे चौकोन.

सुरुवात करण्याआधी: परतीची वाट

इफेक्टशी खेळताना स्क्रीन हातची गेली तर परत कसं यायचं, ते आधी माहीत हवं. कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबलं की काळ्या पडद्यावर मजकुराचं लॉगिन येतं. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन फाइल हलवता येतात, संगणक नीट रीस्टार्टही करता येतो. कंट्रोल+ऑल्ट+एफ२, एफ१ किंवा एफ७ने पुन्हा डेस्कटॉपवर. एकदा आत्ताच करून बघा. पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायची वेळ यातून टळते.

दुसरं, सेटिंगच्या फाइलची नक्कल काढून ठेवा. प्लाझ्मात होम फोल्डरमधल्या “.कॉन्फिग” या लपलेल्या फोल्डरात “केविनआरसी” नावाची फाइल असते. कंपिझमध्ये त्याच ठिकाणी “कंपिझ-१” फोल्डर असतं. लपलेली फोल्डरं फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल+एच दाबून दिसतात. केडीईच्या डॉल्फिनमध्ये ऑल्ट+. हे बटण आहे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलून इफेक्ट सुरू झाले, तरी पुढच्या खेपेला काय करायचं ते कळत नाही.

१. ॲनिमेशनचा वेग आणि टिक

अगदी साधी गोष्ट, पण पुष्कळदा इथेच घोळ असतो. प्लाझ्माच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये “ॲनिमेशन स्पीड” नावाची पट्टी आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत “ॲनिमेशन” टाका, सापडेल. ती “इन्स्टंट”कडे टेकलेली असेल तर ॲनिमेशनचा कालावधी शून्य होतो आणि इफेक्ट चालू असूनही डोळ्याला काही दिसत नाही. मशीन जलद वाटावं म्हणून कोणीतरी पट्टी सरकवून ठेवलेली असते आणि नंतर विसरलेली असते.

ग्नोममध्ये हेच “ॲक्सेसिबिलिटी” विभागात असतं. ॲनिमेशन कमी करण्याचा पर्याय चालू असेल तर एक्स्टेंशन कितीही टाका, फरक पडणार नाही.

क्यूबचं वेगळं आहे. प्लाझ्मा ६ मध्ये क्यूब पुन्हा आला. तो मेटा+सी दाबून उघडतो, मेटा म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. त्याला किमान ३ व्हर्च्युअल डेस्कटॉप लागतात. एकच डेस्कटॉप असेल तर फिरवायला बाजूच नाहीत. यादीत क्यूबच दिसत नसेल तर प्लाझ्मा ॲड-ऑन्स आणि क्यूटी क्विक ३डी ही पॅकेजं बसवलेली आहेत का ते पॅकेज मॅनेजरमध्ये पाहा. बेतानंच बसवलेल्या सिस्टिमवर ती राहून जातात.

कंपिझमध्ये क्यूबसाठी सेटिंग मॅनेजरच्या “जनरल ऑप्शन्स”मध्ये “डेस्कटॉप साइज” उघडा. हॉरिझॉन्टल व्हर्च्युअल साइज ४, व्हर्टिकल १ आणि नंबर ऑफ डेस्कटॉप्स १, असंच हवं. पुष्कळ जण “नंबर ऑफ डेस्कटॉप्स” ४ करतात आणि हॉरिझॉन्टल १ ठेवतात. मग पॅनेलवर चार डेस्कटॉप दिसतात, पण क्यूब फिरत नाही. हॉरिझॉन्टल २ ठेवलं तर दोन बाजूंची सपाट पाटी फिरते. “डेस्कटॉप क्यूब” आणि “रोटेट क्यूब” या दोन्ही प्लगिनवर टिक हवी. “डेस्कटॉप वॉल” बंद करावंच लागतं, कारण मोठा डेस्कटॉप कसा मांडायचा हे दोघांपैकी एकालाच ठरवता येतं. कंट्रोल+ऑल्ट धरून डाव्या बटणाने ओढलं की क्यूब फिरायला हवा.

२. इफेक्ट तात्पुरते थांबवलेले तर नाहीत ना

लिनक्सवर स्क्रीनवर चित्र आणण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलंड. प्लाझ्माच्या एक्स११ सेशनमध्ये ऑल्ट+शिफ्ट+एफ१२ दाबलं की सगळे इफेक्ट एकदम थांबतात, पुन्हा दाबलं की सुरू. चुकून बोट पडलं की सावल्या, पारदर्शकता, डोलणं सगळं एका क्षणात गायब. एकदा दाबून पाहा. वेलंडवर हे बटण चालत नाही, कारण तिथे चित्र जुळवणारा प्रोग्राम (कंपोझिटर) थांबवताच येत नाही. तो थांबला तर स्क्रीनच उरणार नाही.

प्लाझ्मा ५ च्या “कंपोझिटर” पानावर “ॲप्लिकेशनला कंपोझिटिंग रोखू द्या” असा पर्याय आहे. काही खेळ आणि व्हिडिओ प्लेअर त्याचा फायदा घेऊन इफेक्ट थांबवतात, आणि बिघडून बंद पडले तर कधी थांबलेलेच राहतात. त्याच पानावर “ओपनजीएलमुळे पूर्वी केविन क्रॅश झाला होता” अशी सूचना दिसली तर खालचं, ओपनजीएल पुन्हा तपासण्याचं बटण दाबा. केविन हा प्लाझ्माचा विंडो सांभाळणारा प्रोग्राम. एकदा क्रॅश झाला की तो स्वतःच “केविनआरसी”मध्ये तशी खूण करून ठेवतो आणि पुढे कधीच आपणहून प्रयत्न करत नाही. ड्रायव्हर दुरुस्त झाला तरी इफेक्ट परत येत नाहीत, त्यामागे अनेकदा ही खूण असते.

एक्सएफसीईत “विंडो मॅनेजर ट्वीक्स” उघडा आणि “कंपोझिटर” टॅबवरची टिक बघा.

३. नवीन यूजर बनवून पाहा

दोन मिनिटांचं काम, खर्च काही नाही, आणि अर्धे प्रश्न इथेच निकालात निघतात. सेटिंग्जमधून एक चाचणीचा यूजर तयार करा, लॉग आउट होऊन त्यातून आत जा आणि इफेक्ट चालू करून पाहा.

तिथे चालले तर ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर, कर्नल सगळं ठीक आहे. दोष तुमच्या होम फोल्डरातल्या सेटिंगचा. तुमच्या खात्यात “केविनआरसी” फाइलचं नाव बदला, लॉग आउट होऊन परत या. प्लाझ्मा नवी फाइल बनवतो. कीबोर्ड शॉर्टकट वेगळ्या फाइलमध्ये असतात, त्यामुळे ते जात नाहीत. कंपिझ असेल तर “कंपिझ-१” फोल्डरचं नाव बदला. फाइल पुसू नका, नावच बदला; जुनी मांडणी नंतर लागू शकते.

नव्या यूजरमध्येही तोच त्रास असेल तर दोष खालच्या थरात आहे. पुढे वाचा.

४. स्क्रीन कोण रंगवतंय

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी.

इफेक्ट चालू असताना प्रत्येक विंडो आधी ग्राफिक्स मेमरीत वेगळ्या कागदावर काढली जाते, मग कंपोझिटर ते सगळे कागद एकावर एक ठेवून अंतिम चित्र तयार करतो. डोलणं म्हणजे तो कागद वाकवणं, क्यूब म्हणजे चार कागद चौकोनी उभे करणं. ग्राफिक्स चिपला हे काम किरकोळ वाटतं. पण चिपचा ड्रायव्हर चढला नसेल तर मेसा हा लिनक्सचा ग्राफिक्सचा सॉफ्टवेअर-संच हे काम प्रोसेसरकडे सोपवतो. त्या सॉफ्टवेअर पर्यायाचं नाव “एलएलव्हीएमपाइप”. १९२०×१०८० स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरला हे जमवताना घाम फुटतो, पंखा ओरडतो.

कसं पाहायचं: प्लाझ्मात सिस्टिम सेटिंग्जच्या “अबाउट धिस सिस्टिम” पानावर “ग्राफिक्स प्रोसेसर” ही ओळ बघा. ग्नोममध्ये “अबाउट” खाली सिस्टिमचा तपशील उघडा. टर्मिनलमधून हवं तर “ग्लक्सइन्फो -बी” चालवा. यातलं बी मोठं. डेबियन आणि उबुंटूवर ही कमांड “मेसा-यूटिल्स” पॅकेजमध्ये येते, फेडोरावर “ग्लक्स-यूटिल्स”मध्ये. “ओपनजीएल रेंडरर” या ओळीत इंटेल, एएमडी, रेडिऑन किंवा एनव्हिडिया असं नाव हवं. “एलएलव्हीएमपाइप” दिसलं तर कारण सापडलं. प्लाझ्मात या स्थितीत डोलणाऱ्या विंडोसारखे इफेक्ट टिक असूनही चढतच नाहीत. केविन त्यांना मुद्दाम बाजूला ठेवतो.

एलएलव्हीएमपाइप का आलं, ते या क्रमाने शोधा.

पहिला संशय “नोमोडसेट”वर. इन्स्टॉल करताना यूएसबीवरून काळी स्क्रीन आली म्हणून “सेफ ग्राफिक्स” किंवा “बेसिक ग्राफिक्स”चा पर्याय निवडला जातो. त्या पर्यायात कर्नलला “नोमोडसेट” हा शब्द दिला जातो, आणि इन्स्टॉलनंतरही तो अनेकदा तसाच राहून जातो. या शब्दामुळे कर्नल ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चढवतच नाही. “कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन” चालवा. आलेल्या ओळीत हा शब्द असेल तर काढायचा. उबुंटू, मिंट, डेबियनवर “/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब” ही फाइल सुडो वापरून उघडा, “ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट” या ओळीतल्या अवतरण चिन्हांमधून तेवढाच शब्द पुसा, फाइल जतन करा, “सुडो अपडेट-ग्रब” चालवा आणि रीस्टार्ट करा. बाकीच्या शब्दांना हात लावू नका. कायमचा बदल करण्याआधी चाचणी हवी असेल तर बूट होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत “इ” दाबून त्याच ओळीतून शब्द पुसा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. स्क्रीन काळी राहिली तर रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत.

दुसरं, कोणीतरी सल्ला दिला म्हणून “लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर” हे व्हेरिएबल १ करून ठेवलेलं असतं. होम फोल्डरातली “.प्रोफाइल” आणि “/इटीसी/एन्व्हायर्नमेंट” या दोन फाइल उघडून पाहा. ओळ सापडली तर काढा.

तिसरं, लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत असेल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन बंद करून “डिस्प्ले”मध्ये कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी आणि ३डी ॲक्सेलरेशनवर टिक, शिवाय आत गेस्ट ॲडिशन्स. इतकं करूनही तिथे खऱ्या मशीनची मजा येत नाही. क्यूब दाखवायला पुरतं. रोज वापरायला नाही.

चौथं, “एलएस /डेव्ह/डीआरआय” चालवा. यादीत “रेंडरडी१२८” नावाची नोंद हवी. नसेल तर कर्नलने ग्राफिक्स ड्रायव्हर घेतलेला नाही. मग “एलएसपीसीआय -के” चालवून “व्हीजीए” किंवा “३डी कंट्रोलर” या ओळीखाली “कर्नल ड्रायव्हर इन यूज” काय आहे ते पाहा. इंटेलला आय९१५ किंवा नव्या चिपला एक्सइ, एएमडीला एएमडीजीपीयू, जुन्या रेडिऑनला रेडिऑन, एनव्हिडियाला नुवो (मुक्त ड्रायव्हर) किंवा एनव्हिडिया (कंपनीचा ड्रायव्हर). ती ओळच नसेल तर तपासणी ७ कडे जा.

५. एक्स११ की वेलंड

कंपिझ एक्स११वरच चालतो. वेलंड सेशनमध्ये तो चालवून काही उपयोग नाही, आणि जुन्या सल्ल्यांमुळे लोक नेमके इथेच अडकतात. “इको $एक्सडीजी_सेशन_टाइप” चालवा. डॉलरचिन्हानंतरची अक्षरं मोठी. उत्तर “वेलंड” आलं तर लॉगिन स्क्रीनवरच्या कोपऱ्यातून एक्स११ किंवा झॉर्गचं सेशन निवडा.

प्लाझ्मा ६ मूळचाच वेलंडवर उघडतो. ६.४ पासून केविनचा एक्स११ भाग वेगळा केला आहे, त्यामुळे काही डिस्ट्रोवर “केविन-एक्स११” हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं. अपडेटनंतर एक्स११चं सेशन यादीतून नाहीसं झालं असेल तर तेच कारण. माझं मत विचाराल तर प्लाझ्मासाठी वेलंडच ठेवा. डोलणं, क्यूब, मॅजिक लॅम्प सगळं तिथे चालतं आणि चित्र आडवं कापलं जाण्याचा त्रासही जातो. कंपिझच हवा असेल तर माटे आणि एक्स११ हा सरळ मार्ग आहे. ग्नोमवर कंपिझ बसवण्याच्या फंदात पडू नका.

६. दोन कंपोझिटर एकाच स्क्रीनवर

एक्स११मध्ये एका स्क्रीनचा ताबा एकाच कंपोझिटरकडे असतो. एक्सएफसीईचा स्वतःचा कंपोझिटर चालू, त्यात पिकॉम हा वेगळा कंपोझिटर ऑटोस्टार्टमध्ये आणि वर कंपिझ, असं झालं की जो आधी उठला तो जिंकतो. दर लॉगिनला निकाल वेगळा लागू शकतो. “कधी चालतं, कधी नाही” अशा तक्रारीमागे हे कारण असण्याची शक्यता मोठी. “सेशन अँड स्टार्टअप”मधली यादी उघडा आणि पिकॉम किंवा कॉम्प्टनवरची टिक काढा. कंपिझ वापरायचा असेल तर एक्सएफसीईचा कंपोझिटरही बंद करा.

कंपिझमध्ये टायटल बार गायब

कंपिझ विंडोची चौकट स्वतः काढत नाही. ते काम “जीटीके-विंडो-डेकोरेटर” नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. तो उठला नाही किंवा मेला, तर विंडो राहतात आणि वरची पट्टी जाते. म्हणून सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका. कंट्रोल+ऑल्ट+टीने टर्मिनल उघडा आणि “जीटीके-विंडो-डेकोरेटर --रिप्लेस &” चालवा. टर्मिनल उघडतं पण टाइप होत नसेल तर माउसने त्याच्या आत एकदा क्लिक करा.

पट्ट्या लगेच परत आल्या, तर प्रोग्राम चांगला आहे, फक्त त्याला कोणी उठवत नाही. सेटिंग मॅनेजरमध्ये “विंडो डेकोरेशन” प्लगिन उघडा. “कमांड” चौकट रिकामी आहे का, किंवा तिथे “एमराल्ड” (दुसरा एक डेकोरेटर) लिहिलंय आणि एमराल्ड मशीनवर नाहीच, असं तर नाही ना? त्या जागी वरची कमांड शेवटच्या चिन्हाशिवाय लिहा. पट्ट्या आल्याच नाहीत, तर त्याच प्लगिनसमोर टिक आहे का बघा. टर्मिनलमध्ये “कमांड सापडली नाही” असं आलं तर डेकोरेटरचं पॅकेजच बसवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट नेहमी नडते. सेटिंग मॅनेजरमधून “रीसेट टू डिफॉल्ट” केलं की “मूव्ह विंडो”, “रीसाइझ विंडो”, “प्लेस विंडोज”, “ॲप्लिकेशन स्विचर” ही मूळ प्लगिनंही बंद होऊ शकतात. मग विंडो ओढलीच जात नाही, आणि लोकांना वाटतं डोलण्याचा इफेक्ट बिघडला. आधी ही चार चालू करा, मग “वॉबली”.

पूर्णच अडकलात तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३वर लॉगिन करून “डिस्प्ले=:० मार्को --रिप्लेस &” चालवा; यातलं “डिस्प्ले” मोठ्या अक्षरांत. मार्को हा माटेचा साधा विंडो मॅनेजर, तो लगेच ताबा घेतो. मग “माटे ट्वीक”च्या “विंडोज” पानावर मार्को निवडून ठेवा, नाहीतर पुढच्या लॉगिनला परत कंपिझच उठेल.

७. ड्रायव्हर, विशेषतः एनव्हिडिया

इथून पुढे काम जड होतं. इंटेल आणि एएमडीसाठी ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच येतात. वेगळं काही बसवायचं नसतं. सिस्टिम पूर्ण अपडेट करा, रीस्टार्ट करा, एवढंच. चिप अगदी नवी आणि डिस्ट्रोचा कर्नल जुना असेल तर नवा कर्नल लागतो. उबुंटू एलटीएसवर त्यासाठी एचडब्ल्यूइ कर्नल मिळतो.

एनव्हिडियाचं तंत्र निराळं. अपडेटनंतर इफेक्ट गेले असतील तर आधी “डीकेएमएस स्टेटस” चालवा (डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधतो). चालू कर्नलचा आकडा “यूनेम -आर”ने मिळतो. त्याच आकड्यासमोर “इन्स्टॉल्ड” हवं. नसेल तर बहुधा त्या कर्नलची हेडर पॅकेजं नाहीत, म्हणून मॉड्यूल बांधलं गेलं नाही. हेडर बसवा आणि ड्रायव्हर पॅकेज पुन्हा बसवा. उबुंटूवर अनेकदा आधीच बांधलेलं मॉड्यूल येतं, तिथे या कमांडला उत्तर रिकामं येऊ शकतं. तो बिघाड समजू नका.

मॉड्यूल आहे पण चढत नाही, तर सिक्युअर बूट पाहा: “मोकयूटिल --एसबी-स्टेट”. “एनेबल्ड” असेल तर मॉड्यूलवरची सही मशीनला ओळखता आली पाहिजे. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते. ती फक्त १० सेकंद थांबते. कुठलीही कळ दाबली नाही तर संगणक पुढे निघून जातो, सही नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर मुकाट्याने नाकारला जातो. उबुंटूवर “सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की” चालवा, नवा पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा, निळ्या स्क्रीनवर लगेच कळ दाबून “एनरोल एमओके”, “कंटिन्यू”, “येस” आणि तोच पासवर्ड. एवढ्यासाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावरून “.रन” फाइल उतरवून ड्रायव्हर बसवू नका. ती डिस्ट्रोच्या पॅकेजांना डावलून फाइल टाकते, पुढच्या कर्नल अपडेटला अनेकदा मोडते आणि काढताना त्रास देते. उबुंटू, मिंटवर “ॲडिशनल ड्रायव्हर्स” किंवा “ड्रायव्हर मॅनेजर” वापरा. कार्ड जुनं असेल तर ३४० आणि ३९० या मालिकांचे ड्रायव्हर आता अद्ययावत होत नाहीत. अशा कार्डावर नुवो हाच शहाणपणाचा पर्याय आहे. साधे इफेक्ट त्यावर निभतात.

वेलंडवर एनव्हिडिया चमकत असेल तर ५५५ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर आणि प्लाझ्मा ६.१ किंवा पुढची आवृत्ती वापरा. चित्र वेळेवर जुळवण्याची नवी पद्धत तिथून मिळते. एक्स११वर चित्र कापलं जात असेल तर एनव्हिडिया सेटिंग्जमध्ये स्क्रीनच्या प्रगत पर्यायांत “फोर्स फुल कंपोझिशन पाइपलाइन” चालू करा. खेळांचा वेग थोडा कमी होईल. झोपेतून उठल्यावर रंगीत कचरा दिसत असेल तर ड्रायव्हरचा “प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी ॲलोकेशन्स” हा पर्याय १ हवा आणि “एनव्हिडिया-सस्पेंड”, “एनव्हिडिया-रिझ्यूम” या सेवा चालू हव्यात. झोपताना ग्राफिक्स मेमरीतला मजकूर जपला नाही, तर उठल्यावर विंडोंचे कागद कोरे किंवा फाटके सापडणारच.

८. चालतं, पण अडखळतं

चिपच रंगवतेय याची खात्री झाली असेल तर आता इफेक्ट मोजूनमापून कमी करा. सगळ्यात महाग “ब्लर”. डोलणाऱ्या विंडोला एक जाळी वाकवायची असते. ब्लरला मागचे सगळे ठिपके वाचून अनेक फेऱ्यांत पसरवावे लागतात. ३८४०×२१६० स्क्रीनवर ठिपके चौपट, म्हणजे कामही त्या मानाने वाढतं. ब्लर बंद करून बाकी सगळं चालू ठेवा. पुष्कळ इंटेल लॅपटॉपवर एवढ्याने भागतं.

अगदी जुन्या इंटेल ९४५ चिपवर वेगळीच मर्यादा आहे: ३डीमध्ये २०४८ ठिपक्यांपेक्षा रुंद चित्र तिला पेलत नाही. १३६६ रुंदीच्या दोन स्क्रीन शेजारी लावल्या की २७३२ होतात आणि कंपिझ उठत नाही. स्क्रीन एकमेकींच्या खाली मांडा, किंवा दुसरी बंद ठेवून पाहा.

सुरुवातीला चांगलं चालून दहा-पंधरा मिनिटांनी अडखळत असेल तर उष्णता तपासा. “एलएम-सेन्सर्स” पॅकेज बसवून “सेन्सर्स” चालवा. तापमान ९० अंशांच्या वर टिकून राहत असेल तर चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच ४० अंशांवर असते, तिथे धूळ बसलेला पंखा लगेच उघडा पडतो. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलायला हवी.

ग्नोमचं थोडक्यात

ग्नोममध्ये डोलणं, क्यूब, जळत बंद होणाऱ्या विंडो हे सगळं एक्स्टेंशनवर चालतं, आणि एक्स्टेंशन ग्नोमच्या आवृत्तीशी बांधलेलं असतं. डिस्ट्रो अपग्रेड झाली आणि इफेक्ट गेले तर “एक्स्टेंशन्स” ॲपमध्ये “आउट ऑफ डेट” लिहिलंय का पाहा. २०२३ साली ग्नोम ४५ ने एक्स्टेंशन लिहिण्याची पद्धतच बदलली. त्याआधीची तिथे चालत नाहीत. एक्स्टेंशनच्या फाइलमधला आवृत्तीचा आकडा हाताने बदलून ते जबरदस्तीने चालवू नका, त्याने सगळं शेल कोसळू शकतं. नवी आवृत्ती येईपर्यंत थांबा. सगळी एक्स्टेंशन बंद करून एकेक चालू करत गेलं की दोषी सापडतं.

इथे थांबा

इफेक्टसाठी कुठवर जायचं यालाही हद्द आहे. पुढचं काही दिसलं तर सेटिंग आणि ड्रायव्हरला हात लावणं सोडा.

रेघा, ठिपके, विचित्र रंग बायोसच्या स्क्रीनवर किंवा बूटच्या लोगोवरही दिसतात. तिथे लिनक्स अजून चालूच झालेलं नसतं. स्क्रीन, तिची केबल किंवा ग्राफिक्स चिप यांपैकी काहीतरी बिघडलंय. लॅपटॉपला बाहेरची स्क्रीन जोडून पाहा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर संशय पॅनेलवर किंवा केबलवर. तिथेही तसंच असेल तर चिपवर.

“जर्नलसीटीएल -बी -के” मध्ये “जीपीयू हँग” किंवा “रिंग टाइमआउट” पुन्हा पुन्हा येतं, ताज्या लाइव्ह यूएसबीवरही येतं. लाइव्ह यूएसबीवर येत नसेल तर अजून आशा आहे, दोष सॉफ्टवेअरचा.

एनव्हिडियाच्या नोंदीत “एक्सआयडी ७९” येतं. याचा अर्थ कार्डाशी असलेला संपर्कच तुटला. डेस्कटॉप संगणक असेल तर तो बंद करून, वायर काढून, कार्ड स्लॉटमध्ये नीट बसवा आणि पॉवरची जोडणी घट्ट करा. एकदाच. तरी परत आलं तर कार्ड किंवा पॉवर सप्लाय तपासायला द्या.

बॅटरी फुगलेली दिसली, जळका वास आला, तर मशीन ताबडतोब बंद. फुगलेली बॅटरी स्वतः काढायला जाऊ नका.

ऑफिसचं मशीन असेल तर बायोस, सिक्युअर बूट आणि ग्रबला हात लावण्याआधी तिथल्या आयटी विभागाला विचारा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बायोसमध्ये काही बदलू नका. काही मशीन असा बदल दिसताच ती की मागतात.

दुरुस्तीला देताना डेटाचा बॅकअप आधी घ्या. तंत्रज्ञाला तीन गोष्टी सांगा: बायोसमध्ये दोष दिसतो की नाही, लाइव्ह यूएसबीवर दिसतो की नाही, आणि बाहेरच्या स्क्रीनवर दिसतो की नाही. ग्राफिक्स चिप तापवून तात्पुरती जागी करण्याचा स्वस्त उपाय कोणी सुचवला तर नको म्हणा. तो काही आठवड्यांत उलटतो, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी बोर्ड आणखी खराब झालेला असतो.